वाचक विचारतात: जोक म्हणून बनवलेल्या भाषेचा रिव्ह्यू सिरियसली करायचा का?

या खेपेला कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींची पत्रं जास्त आली, आणि सगळी फिरून फिरून एकाच गोष्टीवर येऊन राहिली होती, म्हणून बाकीचे प्रश्न (पीकविमा, नेट स्लो, सातबारा ऑनलाइन दिसत नाही वगैरे) पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न: भाऊ, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाले आहे, घर दारव्हा तालुक्यात. पोळ्याच्या सुट्टीत मी आन् माह्या रूममेटनं मिळून एक प्रोग्रामिंग भाषा बनवली, नाव ठेवलं झडती, पोळ्यात म्हणतात त्या झडत्यायवरून. "सांग बावा" लिहिलं का प्रिंट होते, "असंन तं" म्हणजे इफ, "नसंन तं" म्हणजे एल्स, आन् प्रोग्राम "हर बोला हर हर महादेव" नं संपला नाही तं एरर येते. पायथनमध्ये लिहिली. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकली तं लोकायले लय आवडली. मंग मी एका सीनियर दादाले म्हटलं का कोड तपासून रिव्ह्यू करून द्या, तं थो म्हणे जोक आहे बे हा, जोकचा काय रिव्ह्यू करतं, एलजीटीएम (म्हणजे "लुक्स गुड टू मी", ठीक दिसते), मर्ज कर, म्हणजे मेन कोडात मिळवून टाक. रूममेट म्हणते दादाचं बराबर आहे. मले पटून नाही राहिलं. कोडची लिंक देतो, तुमीच सांगा.

उत्तर: नाही पटलं तेच चांगलं झालं. दादानं दोन गोष्टी एकात कालवल्या. झडती हा जोक आहे, मान्य, पण झडती चालवणारा जो इंटरप्रिटर तू लिहिला तो काही जोक नाही, तो पायथनचा साधासुधा प्रोग्राम आहे आणि ज्या कोणी तो डाउनलोड केला त्याच्या लॅपटॉपवर तो खराखुरा चालतो, तिथं फाईल उडाली तर ती पण खरीच उडणार. आणि झडतीच म्हणशील तर, पोळ्यात तोरणाखाली झडती म्हणणाऱ्याला कोणी म्हणतं का की गंमतच आहे ना, मग यमक जुळलं नाही तरी चालते? यमक चुकलं की समोरच्या बाजूचे पोट्टे तिथल्या तिथं उडवतात.

लिंक उघडून कोड पाहिला. आवडला, हे आधी सांगतो, कारण पुढं जे आहे ते सगळं कुरकुरच आहे.

पहिली गोष्ट, बेरीज-वजाबाकीसाठी तू एक्सप्रेशन उचलून सरळ पायथनच्या इव्हॅल फंक्शनला (जे दिलं ते पायथनचा कोड समजून चालवते) देऊन टाकलं. घरच्या घरी ठीक आहे, पण रीडमीमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमध्ये, तू लिहून ठेवलं की "ऑनलाइन ट्राय करा" पेज लवकरच येतंय. म्हणजे उद्या कोणीही येऊन "सांग बावा" च्या पुढं बेरजेऐवजी सर्व्हरवरच्या फाईली डिलीट करणारी पायथनची ओळ लिहिणार आणि तुझी भाषा अगदी आज्ञाधारकपणे ती चालवणार. हे एकच कारण पुरेसं आहे मर्ज थांबवायला. स्वतःचा छोटा एक्सप्रेशन पार्सर (लिहिलेलं फोडून त्याची रचना ओळखणारा भाग) लिही, गुणाकार आधी बेरीज नंतर एवढं सांभाळलं की झालं, फार मोठं काम नाही, आणि तसंही भाषा बनवण्यातली खरी मजा तिथंच आहे, ती तू इव्हॅलला देऊन टाकली. भाई लँग माहीत असेलच तुला, २०२२ मध्ये आली, "हाय भाई" नं सुरू आणि "बाय भाई" नं बंद, तिचा कोड उघडून पाह्यजो, त्यांनी पार्सर वेगळा आणि इंटरप्रिटर वेगळा ठेवला आहे. अन् ऑनलाइन पेजवर टाइमआउट लाव, कारण "जोवर" चं लूप कोणीतरी पहिल्याच दिवशी कधीच न थांबणारं लिहिणार, लिहून ठेव माझं.

दुसरी गोष्ट मला लय आवडली, म्हणजे बग म्हणून आवडली. तुझ्या भाषेत "वजन" नावाचं व्हेरिएबल चालतं, "घर" चालतं, पण "भाव" म्हटलं की एरर. (कापूसवाल्याला हे काही नवीन नाही, वजनापर्यंत सगळं बरोबर असतं, भाव आला की एरर.) कारण असं की शब्द कुठं संपतो हे ओळखायला तू इज-अल्फा वापरलं, आणि पायथनच्या हिशोबानं "भ" हे अक्षर आहे पण त्याला लागलेला काना हे अक्षर नाही, ती खूण आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना कोड देणारी यादी) तिचा वर्गच वेगळा. म्हणून "भ" वर शब्द तुटतो आणि पुढचा काना एकटाच लोंबकळत राहतो. "वजन" आणि "घर" ला काना-मात्रा काहीच नाही म्हणून ते वाचले. रेग्युलर एक्सप्रेशन वापरून सुटशील असं वाटत असेल तर तेही नाही, पायथनच्या नेहमीच्या री मॉड्यूलमध्ये "शब्दातलं अक्षर" ही जी खूण आहे ती पण मात्रेवर अशीच अडखळते. युनिकोडची कॅटेगरी पाहा आणि अक्षरासोबत खुणांचा वर्गही शब्दात धर, की सुटलं. आता सांग, हा बग दादाच्या एलजीटीएममध्ये सापडला असता का? तुम्ही टेस्टला सगळीकडे क, ख, ग अशी नावं घेतली, त्यात काना कुठून येणार.

तिसरी अशीच. "शेतकऱ्याचे" हा शब्द मोबाईलवरून टाइप केला आणि लॅपटॉपवरून टाइप केला तर स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतील, पण आत वेगळे असू शकतात. तो जो "ऱ्य" आहे ना, तो काही कीबोर्ड "ऱ" हे वेगळं अक्षर घेऊन बनवतात, काही साध्या "र" खाली नुक्ता देऊन, आणि काही "र", हलंत आणि एक न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घालून. मग तू मोबाईलवर व्हेरिएबल बनवलं, मित्रानं लॅपटॉपवर तेच वापरलं, आणि भाषा म्हणाली असं व्हेरिएबलच नाही. पहिले दोन प्रकार युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केलं की एक होतात, तिसऱ्यातलं न दिसणारं चिन्ह त्यानं जात नाही, ते हातानं बदलून घ्यावं लागते. इंग्रजी कीवर्डच्या भाषा बनवणाऱ्याला हे दुखणं कधी माहीतच पडत नाही, तुझ्या जोकला पडलं.

आकड्यांचं मात्र नशीब चांगलं, पायथनचं इंट फंक्शन "५" पण घेते आणि इंग्रजी पाच पण घेते. पण तू म्हणतो ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये उतरवणार, तिथं नंबर फंक्शनला "५" दिलं की "हा आकडाच नाही" असं उत्तर येते, तर टेस्ट आत्ताच लिहून ठेव.

आता कशाला हात लावायचा नाही ते. समजा उद्या कोणी रिव्ह्यूत लिहिलं की "हर बोला" ची सक्ती काढा, युजरला त्रास होतो, तर त्याला नम्रपणे नाही म्हण. तो त्रास हीच भाषा आहे. इंटरकॅल नावाची भाषा आहे, १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोन विद्यार्थ्यांनी काढलेली, तिच्यात मधूनमधून "प्लीज" म्हटलं नाही तर कंपायलर म्हणतो तू उद्धट आहेस आणि प्रोग्राम घेत नाही, आणि जास्त वेळा "प्लीज" म्हटलं तर म्हणतो लाळघोटेपणा करतोस, तरी घेत नाही. वरून ही गोष्ट मूळ मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच नव्हती. नंतर १९९० मध्ये एरिक रेमंडनं तिची सी-इंटरकॅल काढली, तिच्यात साधारण पाचातलं एक ते तिनातलं एक वाक्य "प्लीज" वालं लागते, आणि कंपायलरमध्ये एक रँडम बग मुद्दाम घातलेला आहे जो कधीमधी उगाचच येतो, पण तो बंद करायचा ऑप्शन पण दिलेला आहे! म्हणजे बघ, मुद्दाम घातलेला बग कोणता आणि चुकून राहिलेला कोणता याचा हिशोब त्या लोकांनी नीट ठेवला. रिव्ह्यू करणाऱ्यानं हेच पाहायचं असते, जोकनं जे कबूल केलं ते कोड करतो का. तुझ्या भाषेनं कबूल केलं की "हर बोला" शिवाय प्रोग्राम संपणार नाही, पण तू नुसतं एवढंच चेक केलं की शेवटच्या ओळीत ते शब्द कुठंतरी आहेत का, म्हणून शेवटच्या ओळीत कोणी "सांग बावा" करून तेच वाक्य प्रिंट केलं तर तेवढ्यावरही पास होते. मी करून पाहिलं, झालं. आणि खरं "हर बोला" लिहून खाली एक रिकामी ओळ राहिली तर एरर येते. दोन्ही उलटं.

डोनाल्ड क्नूथ, ज्यांना आपल्या सिलॅबसमधला अर्धा अल्गोरिदमचा पेपर देणं लागतो, त्यांनीसुद्धा बसून इंटरकॅलमध्ये प्रोग्राम लिहिला आहे. रिकामटेकडे नव्हते ते.

गमतीनं टाकलेली वस्तू किती दिवस राहील याचाही भरोसा नसतो. १९९८ च्या एक एप्रिलला इंटरनेटवाल्यांनी कॉफीच्या भांड्याशी बोलायचा एक प्रोटोकॉल गंमत म्हणून काढला, त्यात ४१८ नंबरचा एरर होता, "मी किटली आहे". तो लोकांनी खऱ्या वेब फ्रेमवर्कमध्ये घालून ठेवला, २०१७ मध्ये काढायची गोष्ट निघाली तर इतका आरडाओरडा झाला की राहूनच गेला, आणि २०२२ च्या एचटीटीपीच्या स्टँडर्डमध्ये तो नंबर राखीव करून ठेवावा लागला.

बाकी दादावर रागावू नको. त्याच्या नोकरीतून वेळ काढून तो फुकटात तुझा कोड पाहणार, त्याला जोक वाटला तर वाटला. मायकल फेगननं १९७६ मध्ये आयबीएममध्ये कोड तपासायची पद्धत मांडली तेव्हाच तिच्यात तयारी, बैठक, कोण काय पाहणार असं सगळं ठरवून होतं, आणि तू मात्र पूर्ण प्रोजेक्ट एका लिंकमध्ये टाकून "जरा पाहा" म्हणतो, मग माणूस एलजीटीएमच म्हणेल ना. नुसती लेक्सरची (शब्द वेगळे करणाऱ्या भागाची) फाईल पाठव आणि विचार की मात्रेवर शब्द तुटते, काय करू. उत्तर येते की नाही पाह्यजो.

प्रश्न: नमस्कार. मी बुलढाणा जिल्ह्यात पॉलिटेक्निकला शिकवतो. प्रॅक्टिकलला मूळ संख्या शोधायचा प्रोग्राम दिला होता, एका मुलानं तो ब्रेनफकमध्ये करून आणला. आमचे एचओडी म्हणतात शून्य द्या, हा टवाळपणा आहे. मुलगा हुशार आहे. तपासायचा म्हटलं तर वाचताच येत नाही. काय करावं?

उत्तर: सर, सगळ्यात आधी त्या भाषेचं नाव मार्कलिस्टच्या रिमार्कमध्ये लिहू नका, बीएफ लिहा, लोक तसंच लिहितात.

शून्य देऊ नका आणि पूर्णही देऊ नका, आधी त्याला बोलावून व्हायवा घ्या. ही भाषा १९९३ मध्ये उर्बान म्युलर या माणसानं अमिगा कॉम्प्युटरसाठी काढली, शक्य तेवढा छोटा कंपायलर बनवायचा म्हणून, आणि नंतरची आवृत्ती २४० बाइटमध्ये बसवली. फक्त आठ चिन्हं, बाकी जे काय लिहाल ते सगळं कॉमेंट. आणि इथंच तुमचा पहिला प्रश्न आहे. आठ चिन्हांमध्ये स्वल्पविराम आहे, पूर्णविराम आहे, आणि वजाबाकीचं चिन्ह म्हणजे आपला हायफन पण आहे. पोरानं जर समजावून सांगायला मराठीत कॉमेंट लिहिली असेल, "आता भागाकार करू, मग बाकी पाहू.", तर त्यातला स्वल्पविराम इनपुट मागणार आणि पूर्णविराम काहीतरी छापणार! कॉमेंटच प्रोग्राम झाली. ज्यांना हे कळते ते लोक सुरुवातीची मोठी कॉमेंट चौकोनी कंसात टाकतात, कारण पहिला रकाना (मेमरीतली आकडा ठेवायची जागा) सुरुवातीला शून्य असतो, त्यामुळे तो कंस म्हणजे एकदाही न चालणारं लूप होतो, आतले विराम मग काही करू शकत नाहीत. पोराला विचारा हा कंस इथं काहून आहे. उत्तर देता आलं तर कोड त्यानं स्वतः लिहिला असण्याची शक्यता बरीच वाढली, नाहीतर नेटवरून उतरवला.

दुसरा प्रश्न, एका रकान्यात किती मावते. नेहमी २५५ पर्यंत, त्यात एक मिळवला की परत शून्य. मग २५७ मूळ आहे का हे त्याचा प्रोग्राम कसं सांगणार? तो म्हणाला माझ्या इंटरप्रिटरमध्ये मोठे रकाने आहेत, तर ठीक, पण हे त्यानं लिहून द्यायला पाहिजे होतं, कारण दुसऱ्या इंटरप्रिटरवर तोच प्रोग्राम वेगळं उत्तर देईल. इनपुट संपल्यावर काय मिळते यावरही एकमत नाही, कोणी शून्य देते, कोणी उणे एक, कोणी जुनाच आकडा तसाच ठेवते.

इंटरप्रिटर पण त्यानंच पायथनमध्ये लिहिला असेल तर मात्र चिमटीत पकडा. पहिल्या रकान्याच्या डावीकडं गेलं तर काय होते विचारा. पायथनच्या लिस्टमध्ये उणे एक म्हणजे शेवटची जागा, म्हणून तो पॉइंटर काही न बोलता पार तीस हजाराव्या रकान्यात जाऊन बसतो आणि प्रोग्राम चालतच राहतो, एरर नाही काही नाही. सी मध्ये हेच केलं असतं तर दुसऱ्याच्या मेमरीत हात गेला असता.

एवढं सगळं पोरगा बोलला तर मार्क द्या आणि म्हणा आता हेच सी मध्ये आणून दे, कारण सिलॅबस सी चा आहे आणि एक्स्टर्नल परीक्षकाला ते आठ चिन्हं वाचायला लावणं काही बरोबर नाही. एक हद्द मात्र ठेवा. १९९८ ची माल्बोल्ज नावाची भाषा आहे, तिच्यात पहिला चालणारा प्रोग्राम यायला दोन वर्षं लागली, आणि तोही कोणी हातानं लिहिला नाही, अँड्र्यू कूकनं सर्च अल्गोरिदम लावून शोधून काढला. तसलं काही आलं तर प्रोग्राम वाचत बसू नका, तो शोधणारा कोड मागा आणि तो तपासा.

एचओडींना काय सांगायचं ते तुम्ही पाहा, ते तुमच्या स्टाफरूमचं राजकारण आहे.

प्रश्न: मी आर्वीहून घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. एक एप्रिलला टीममधल्या एकानं टेस्टच्या फोल्डरमध्ये व्हाइटस्पेस भाषेतली एक फाईल टाकून पीआर (कोड मर्ज करायची विनंती) पाठवला आणि रिव्ह्यूअर म्हणून मला लावलं. सगळे हसत होते. मी अ‍ॅप्रूव्ह केला नाही, तर म्हणतात ताई तुम्हाला ह्यूमर नाही. मी जास्त ताणलं का?

उत्तर: नाही ताई, बरोबर केलं. व्हाइटस्पेस पण एक एप्रिललाच आली होती, २००३ मध्ये, डरहम युनिव्हर्सिटीतून, स्पेस, टॅब आणि नवी ओळ एवढ्यावरच चालते, बाकी अक्षरं ती वाचतच नाही. म्हणजे रिव्ह्यूत तुम्हाला काय दिसलं असेल, एक हिरवा मोकळा पट्टा. डिफमध्ये, म्हणजे बदल दाखवणाऱ्या पानावर, "स्पेसचे बदल लपवा" हे ऑन असेल तर पुढं त्या फाईलमधले बदलही धड दिसणार नाहीत. आणि तुमच्याकडं सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस छाटणारा फॉरमॅटर असेल (नसेल असं होत नाही) तर कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी ती फाईल उघडून सेव्ह करेल आणि प्रोग्राम गायब. टेस्ट फेल होईल तेव्हा त्या हसणाऱ्यांपैकी कोणी जागेवर नसते.

ही नुसती गमतीपुरती भीती नाही. २०२१ मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी ट्रोजन सोर्स नावानं दाखवून दिलं की उजवीकडून डावीकडे लिहायच्या लिपींसाठी जी न दिसणारी चिन्हं असतात ती कोडमध्ये पेरली तर रिव्ह्यू करणाऱ्याला दिसते एक आणि कंपायलर वाचते दुसरंच. त्यानंतर गिटहबनं अशा फाईलवर इशारा दाखवायला सुरुवात केली. न दिसणारं अ‍ॅप्रूव्ह करायचं नाही, एक एप्रिल असो की एकतीस मार्च. त्या भावाला म्हणा तुझ्या स्वतःच्या रिपॉझिटरीत टाक, मी रविवारी बसून मनापासून रिव्ह्यू करते.

प्रश्न: राम राम भाऊ, अचलपूरवरून. आमी दोघं मित्र पण अशीच भाषा बनवून राहिलो. आमच्यात एरर आला का भाषा शिव्या देते, लोक लय हसतात. अन् प्रोग्राम अटकला तं मेसेज येते "यानं फास घेतला". एक मित्र म्हणते हे काढ. जोक तं जोक आहे ना?

उत्तर: शिव्यांचं तुमचं तुम्ही पाहा. माझी तक्रार एवढीच की मी पाच चुकीचे प्रोग्राम टाकून पाहिले, पाची वेळा शिवी बरोबर पडली पण कितव्या ओळीवर चूक आहे ते एकदाही सांगितलं नाही. शिवी दे, पण लाइन नंबर घालून दे, आणि कोणता शब्द समजला नाही तेही. शिव्यांमध्ये एखादी जातीवरून येत असेल तर ती काढ.

फासाचा मेसेज काढ. मित्र बरोबर म्हणते. आपल्याकडं कोणत्या गावात कोणाच्या घरी काय झालं आहे हे तुला मी सांगायची गरज नाही, आणि तुझी भाषा वापरणारा पोरगा त्याच घरातला असू शकतो. जोकचाही रिव्ह्यू होतोच, आणि त्यात हे रिजेक्ट. "लाइन गेली वाटते" ठेव त्याच्या जागी, तेवढंच हसतील.

प्रश्न: अशी भाषा बनवलेली बायोडाटात टाकली तर चालते का? इंटरव्ह्यूवाले हसतील काय? (वणी)

उत्तर: टाक. हसले तर बरंच आहे, लक्षात राहशील. फक्त "मजेशीर भाषा बनवली" एवढंच लिहू नको, लेक्सर, पार्सर आणि टेस्ट स्वतः लिहिल्या असतील तर तसं लिही, आणि लिहिल्या नसतील तर लिहून मग टाक, कारण समोरचा पहिला प्रश्न इव्हॅल का वापरलं नाही किंवा का वापरलं हाच विचारणार. आणि रीडमीमधली ती "ऑनलाइन ट्राय करा" लिंक बंद पडली असेल तर आज काढून टाक, इंटरव्ह्यू घेणारा माणूस आधी त्यावरच क्लिक करते.